पडवीतल्या बाजा

नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्जतच्या पलीकडे, एका बाजारच्या गावात सरकारी दवाखाना आहे. त्या दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड दुष्काळाच्या सालात बंद झाला आणि पुढे बरीच वर्षं बंदच राहिला. तिथल्या डॉक्टरीणबाईंना पुण्याला जायचं होतं म्हणून त्यांनीच तो बंद केला, असं त्या गावात अजून सांगतात. हे खरं नाही. तो चालू राहावा म्हणून त्या नगरला येऊन साहेबांशी भांडल्या होत्या. त्या भांडणात त्यांना एक साक्षीदार हवा होता आणि तो साक्षीदार मी होतो. मी तिथे काय बोललो ते गेल्या हिवाळ्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही, आणि आता ती नाही.

मी तेव्हा पंचविशीत होतो. जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत आकडेवारीच्या टेबलावर हंगामी कारकून म्हणून लागलो होतो. तालुक्यांतल्या दवाखान्यांचे मासिक अहवाल टपालाने यायचे, मी त्यांच्या बेरजा करायचो आणि बेरजा कपाटात जायच्या. त्या वर्षी नवे साहेब आले. हुशार आणि सरळ माणूस. एकदा त्यांनी मला बोलावून विचारलं, "प्रत्येक दवाखाना लिहितो, आम्हाला खाटा कमी, माणसं कमी. कुणाला खरंच कमी पडतंय आणि कोण नुसतं रडतंय, ते कसं ओळखायचं?"

मी आठवडाभर डोकं खाजवून एक पद्धत काढली. दवाखाना किती काम करतो ते त्याच्या वह्यांवरून ठरवायचं नाही. दर महिन्याला एकदा, न कळवता, सकाळी जाऊन तिथे उभं राहायचं आणि मंजूर खाटांपैकी किती भरलेल्या आहेत ते डोळ्यांनी मोजायचं. सगळ्या दवाखान्यांचे आकडे एका मोठ्या पुठ्ठ्यावर रंगीत पट्ट्यांनी काढायचे. ज्याची पट्टी लांब, त्याचं काम जास्त. साहेबांना ते फार आवडलं. पुठ्ठा त्यांच्या खोलीत, बरोबर खुर्चीसमोरच्या भिंतीवर लागला. येणाऱ्या पाहुण्यांना ते छडीने दाखवायचे आणि म्हणायचे, "हे आमच्या या मुलाने केलंय."

ती पद्धत वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. एका दवाखान्याच्या वहीत सगळ्या खाटा भरलेल्या असायच्या. मी सकाळी सातला पोचलो तेव्हा निम्म्या खाटांवर कांदा वाळत घातलेला होता. कंपाउंडर म्हणाला, "पाहुण्यांचा आहे हो, दोन दिवसांपुरता." आम्ही कचेरीत यावर महिनाभर हसलो. पेशंटचं नाव काय, तर कांदा. दुखणं काय, तर डोळ्यांत पाणी. त्या हसण्याने माझा पुठ्ठ्यावरचा विश्वास आणखी वाढला.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेलो तो उन्हाळ्याच्या तोंडाचा दिवस होता. आदल्या पावसाळ्यात पाऊस झालाच नव्हता. एसटीतून दोन्ही बाजूंना खडीची कामं दिसत होती, माणसं बसून दगड फोडत होती. दवाखाना दगडी, कौलारू, जुना. आवारात शिरताच ओव्याचा वास आला. दवाखान्यात फिनेलचा वास यावा, इथे ओव्याचा. मी नवल करत बायकांच्या वॉर्डात गेलो. दहा लोखंडी खाटा, पांढऱ्या रंगवलेल्या, प्रत्येकीच्या डोक्याशी काळ्या रंगात नंबर. पायथ्याशी तांबडी ब्लँकेटं नीट घडी घालून ठेवलेली. माणूस एकही नाही. कोपऱ्यात नर्सबाई कापसाचे बोळे करत बसल्या होत्या. मी त्यांना ओळख सांगितली आणि रिकाम्या खाटा मोजल्या.

तेवढ्यात मागून तान्ह्या मुलाचं रडणं आलं. मग दुसरं. मागचं दार उघडून पाहिलं तर लांबच लांब पडवी, आणि त्या पडवीत ओळीने बाजा. सुंभाने विणलेल्या, घरच्या. प्रत्येक बाजेवर गोधडी पांघरून एक बाळंतीण, कुशीत मूल, आणि बाजेखाली घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर राख, राखेत टाकलेला ओवा. उशाशी सासवा, आया, लुगड्याच्या पदराने वारा घालत बसलेल्या. बाई एका बाजेच्या कडेला बसून एकीची नाडी बघत होत्या. चाळिशीच्या असतील. अंगावर पांढरा कोट आणि कोटाच्या खिशाला राखेचा डाग.

माझ्या हातातली पट्टी आणि कागद बघून एक म्हातारी म्हणाली, "ह्यो कोन? मोजनीवाला व्हय?"

खडीच्या कामावर मोजणीवाला येऊन ढीग मोजतो आणि ब्रासावर मजुरी ठरते, त्यातला मी एक असं तिला वाटलं.

"व्हय आज्जी," मी म्हणालो.

"मग बाळंतिनीचं ब्रास कसं काढत्यात रं?"

"तुजंच काढायला सांग की पैलं," पलीकडची म्हणाली, "अख्ख्या रस्त्याची खडी व्हईल."

सगळ्या पडवीत हसू पसरलं. बाईही हसल्या. "बसा भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "ह्यांच्या तोंडी लागू नका. तुम्ही नगरचे ना? ऐकलंय तुमच्या पुठ्ठ्याबद्दल."

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. त्या तिथे रुजू झाल्या तेव्हा आतल्या खाटा अशाच रिकाम्या होत्या आणि पडवीही रिकामी होती. बायका बाळंतपणाला येतच नव्हत्या. लोखंडी पलंग उंच, मूल पडेल ही भीती. त्यावर आधी कोण मेलं असेल, ही दुसरी भीती. आणि सगळ्यांत मोठी अडचण शेकाची. बाळंतिणीला बाजेखालून शेक द्यायचा, हे त्या मुलखात न मोडणारं. "पलंगावर लोखंडी पट्ट्या, त्यावर कापसाची गादी. शेक लागणार कुठून, तुम्हीच सांगा. मग एक दिवस एका बाईच्या नवऱ्याला मी म्हटलं, तुमची बाज इथेच आणा. आत विस्तव चालणार नाही, पडवीत चालेल. तो घेऊन आला. तेव्हापासून येताहेत."

"पण हा धूर? पोरांना..."

"मला शेक पटतो असं म्हटलंय का मी? धुराने पोरांना खोकला होतो, ते मलाही दिसतं. विस्तव कमी करा म्हणून रोज भांडते. पण बाजेला येऊ दिलं की बाज बाईला घेऊन येते. आणि बाई इथे असली की नाळ मी कापते. घरी विळ्याने कापतात."

शेजारच्या बाजेवरची मुलगी बोलायला उत्सुक होती. दोन कोसांवरच्या वस्तीवरून ती त्याच बाजेवर आली होती. बैल चाऱ्याच्या छावणीत, गाडीला जुंपायला काही नाही. म्हणून चौघांनी बाज खांद्यावर घेतली आणि तिला वर झोपवून आणलं.

"वाटंनं जो त्यो कामावरला मानूस बगून उठून हुबा ऱ्हायचा," ती सांगू लागली, "टोपी काढायचा, हात जोडायचा. म्या एकदा गोदडी काडून वरडले, जित्ती हाय म्या अजून! तर एक म्हातारा घमेलं टाकून पळाला की हो."

"मी तर बोल्ले तुला, गप पड," तिची सासू म्हणाली, "वंगाळ बोलू नगं वाटंत."

मी किती हसलो होतो ते अजून आठवतं. हसून झाल्यावर मी बाईंना म्हणालो, "पण बाई, माझ्या पुठ्ठ्यात सरकारी खाट धरतात. नंबर असलेली."

"मग ह्यांच्यावर नंबर घालते. रंग आहे माझ्याकडे."

"रंगवून चालत नाही. मंजूर खाट लागते."

"बरं, मग तुम्ही यायच्या आधी ह्यांना उचलून आत ठेवते आणि तुम्ही गेलात की बाहेर आणते?" मग त्यांनीच मान हलवली. "नको. खोटं कशाला करायचं? जे आहे ते लिहा. खाटा रिकाम्या आहेत तर रिकाम्या लिहा, पण पडवीत बाया आहेत तेही लिहा."

"शेऱ्यात लिहितो."

"नक्की?"

"नक्की, बाई."

त्यांनी चहा मागवला. पाणी टँकरचं होतं, चहा मचूळ झाला होता. मी सगळा प्यायलो.

नगरला आल्यावर मी शेरा लिहायला घेतला. कच्चा मजकूर आमच्या हेडक्लार्कांना दाखवला. ते निवृत्तीला आलेले, अनुभवी. वाचून त्यांनी चष्मा काढला. "अरे, हे काय लिहितोयस? सरकारी दवाखान्यात बाजांखाली विस्तव? हे वर गेलं की पहिली बाईंची चौकशी लागेल. आणि दुसरं सांगू? तुझ्या पट्टीचं काय करणार? अर्धी पट्टी पलंगांची, अर्धी बाजांची काढणार आहेस? मग उद्या दुसरा म्हणेल, आमच्या झाडाखाली पाच जण झोपतात, तेही धरा."

मी शेऱ्याची जागा कोरी ठेवली. बाईंवर चौकशी येऊ नये म्हणून ठेवली, असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्यात काही खरंही होतं. पण त्यात पुठ्ठाही होता. साहेब दुसऱ्या आठवड्यात पुण्याच्या बैठकीत तो नेऊन दाखवणार होते. त्यावर खुलासे, फुल्या, तळटिपा मला नको होत्या. नंतर आयुष्यात मी हे पुष्कळदा तपासून पाहिलं, आणि दर खेपेला त्या कारणातला बाईंचा वाटा आधीपेक्षा कमी भरतो.

पुढच्या महिन्यात गेलो, तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. आत खाटा रिकाम्या, पडवी भरलेली. बाई विचारायच्या, "लिहिता ना?" मी मान हलवायचो. पुठ्ठ्यावर त्या दवाखान्याची पट्टी इतकी आखूड झाली होती की रंगाचा ठिपकाच दिसायचा. साहेब छडी त्याच्यावर ठेवून नुसते हं म्हणायचे.

त्याच सुमाराला माझी बायको बाळंत झाली. नगरमध्ये आमच्या दोन खोल्या होत्या. सासूबाई गावाहून आल्या त्या एसटीच्या टपावर बाज टाकूनच. बाज दारातून आत येईना, तेव्हा तिचे दोन पाय काढून आम्ही ती तिरपी करून घेतली. रोज संध्याकाळी कचेरीतून येताना मी गोवऱ्या आणायचो आणि बाजेखालचं घमेलं भरायचो. बायको म्हणायची, "पाठीला किती बरं वाटतं." म्हणजे बाज काय असते आणि बाळंतीण बाज सोडून लोखंडी पलंगावर का चढत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुलगी झाल्याची बातमी बाईंना मी पुढच्या फेरीत सांगितली होती. त्यांना आनंद झाला.

प्रवरेच्या बाजूला, कालव्याखालच्या मुलखात, तेव्हा माणसांची गर्दी झाली होती. कामासाठी लोक दुष्काळी भागातून तिकडे जात होते. तिथल्या एका दवाखान्यात एका खाटेवर दोन दोन बाया झोपत होत्या, हे मीच मोजून आणलं होतं. त्यांची पट्टी पुठ्ठ्याबाहेर जात होती. साहेबांनी एक दिवस दोन्ही पट्ट्यांवर छडी फिरवली आणि म्हणाले, "इथल्या दहा खाटा तिथे न्यायच्या. नर्सची जागाही तिथेच." पुठ्ठ्याकडे बघून कुणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

हुकूम हातात पडल्यावर बाई नगरला आल्या. सकाळी लवकर निघाल्या असणार, कारण कचेरी उघडायच्या आधीच व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहताच उठल्या.

"भाऊसाहेब, तुम्ही लिहिलं होतं ना शेऱ्यात?"

मी म्हणालो, "लिहिलं होतं बाई. पण वर वाचतं कोण?"

हे पहिलं खोटं. ते तोंडातून इतक्या सहज गेलं की गेल्यावरच मला कळलं.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, "वाचून दाखवते त्यांना." आणि त्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

थोड्या वेळाने शिपाई आला, साहेबांनी फाईल घेऊन बोलावलंय. मी गेलो. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"डॉक्टर म्हणतात, त्यांचा वॉर्ड भरलेला असतो," साहेब म्हणाले, "बाळंतिणी मागे पडवीत असतात आणि तुम्ही ते दर महिन्याला शेऱ्यात लिहिलंय. इथे तर काही दिसत नाही."

त्यांनी फाईल बाईंकडे वळवली. बाईंनी एक एक महिना उलटून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

साहेब माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी मला वाटही काढून दिली. "राहून गेलं असेल लिहायचं. होतं असं. तुम्ही पाहिलंय का ते सांगा. असतात बाळंतिणी बाहेर?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न होता, मग इतके महिने सांगितलं का नाही? आणि मला कायम करण्याचा कागद त्याच साहेबांच्या सहीसाठी थांबलेला होता. हा हिशेब मी तिथे उभा राहून केला. त्याला फार वेळ लागला नाही.

मी म्हणालो, "साहेब, मागे पडवीत बाजा असतात खऱ्या. माणसं असतात. पण पेशंट कोण आणि पेशंटबरोबर आलेले कोण, ते मला खात्रीने सांगता येणार नाही."

बाई तेव्हा म्हणू शकल्या असत्या, की हा माणूस आत्ताच बाहेर मला लिहिलंय म्हणून सांगत होता. त्या म्हणाल्या नाहीत. माझ्याकडून नजर काढून त्या साहेबांना म्हणाल्या, "मग तुम्ही स्वतः या. उद्या या. मी दाखवते."

"आलो असतो," साहेब म्हणाले, "पण या आठवड्यात कलेक्टरांकडे दुष्काळाच्या बैठका आहेत रोज. आणि तिकडे एका खाटेवर दोघी झोपताहेत, डॉक्टर. त्यांना खाटा आजच हव्यात. तुमच्या बाया तुम्हीच म्हणता खाटेवर झोपतच नाहीत."

"खाटा न्या," बाई म्हणाल्या, "खुशाल न्या. नर्स ठेवा आणि वॉर्ड ठेवा."

"खाटांशिवाय वॉर्ड कसा ठेवायचा?" साहेबांनी खरोखरच न समजून विचारलं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात गेलो. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनीच विचारलं, "कर्जतची गाडी किती वाजता लागते हो?" मी वेळ सांगितली. त्यांनी पिशवीतून पदर सावरायची पिन काढली, लावली, आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी बरी आहे ना?"

"हो, बरी आहे."

"नाळ कुणी कापली?"

"दवाखान्यातली नर्स घरी बोलावली होती."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

खाटा ताब्यात घ्यायला मलाच पाठवलं. ट्रक दवाखान्याच्या आवारात उभा केला होता. वॉर्डाच्या दारावर वॉर्ड बंद होत असल्याची सूचना लावली होती आणि खाली नियमाप्रमाणे बाईंची सही होती. गावात नंतर जी गोष्ट तयार झाली ती या सहीवरून झाली. लोकांनी ती पाहिली, वाचली, ओळखली.

खाटा बाहेर निघू लागल्या तशा पडवीतल्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. उलट एक म्हातारी म्हणाली, "न्या बाबा न्या, लई जागा खात हुत्या. आता पावसाळ्यात बाजा आत घेता येतील."

दुसरी म्हणाली, "बाई, आत शेनानं सारवू का?"

बाई म्हणाल्या, "नंतर बघू."

नर्सबाई आपली पत्र्याची पेटी घेऊन ट्रकच्या पुढच्या बाजूला, ड्रायव्हरशेजारी चढल्या, तेव्हा त्या म्हातारीचा चेहरा बदलला. "ह्या कुटं निघाल्या?" तिने विचारलं. मी पावतीवर सही करत होतो.

बाईंनी एकटीने काही आठवडे पडवी चालवली. मग मंजूर खाटा नाहीत तर रुग्ण ठेवून घेऊ नयेत असं पत्र गेलं. ते पत्र मी लिहिलं नव्हतं, पण टपालात मीच टाकलं. पडवी रिकामी झाली. वर्ष संपायच्या आत बाईंची पुण्याच्या बाजूला बदली झाली. त्यांनी ती मागितली होती की नाही, मला माहीत नाही. मागितली असेल तरी आता मी त्यांना दोष देणार नाही.

मी कायम झालो. पुढे आकडेवारीतच चढत गेलो, चांगल्या जागेवरून निवृत्त झालो. दवाखान्यांची कामगिरी मोजायच्या कितीतरी नव्या पद्धती आल्या, त्या शिकलो आणि शिकवल्याही. शिकवताना कांद्याची गोष्ट हमखास सांगायचो. बाजांची कधी सांगितली नाही. त्या बाया पुढे कुठे गेल्या, त्यांचं काय झालं, ते मी शोधलं नाही. दवाखान्यात न आलेल्या माणसाला आमच्या तक्त्यात जागा नसते.

गेल्या हिवाळ्यात नातेवाइकांतल्या एका लग्नाला त्या गावी जाणं झालं. जेवताना शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, तिथलेच शेतकरी. बोलता बोलता दवाखान्याचा विषय निघाला. ते म्हणाले, "पैलं हितं बायांचं मोठं काम हुतं. पर ती डाक्टरीन निगाली तशी. सोताच्या सईनं कुलूप लावून पुन्याला पळाली." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मी पानावरची बुंदी चिवडत राहिलो.

रात्र वाईट गेली. सकाळी पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं, साहेबांच्या खोलीत बोललो त्या वाक्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग आत हाक मारली, "अगं ए, हिकडं ये. ह्ये काय म्हनत्यात ऐक." आणि मला म्हणाले, "हिला सांगा. माझ्यापरीस हिचा संबंद जास्त हाय."

त्यांची बायको बाहेर आली, उंबऱ्यावर बसली. मी पुन्हा सांगितलं.

"माजं थोरलं त्या पडवीत झालं," ती म्हणाली. "ही काय, बाज अजून हाय मागं. दुसऱ्या टायमाला गेलो तर कुलूप. मागारी आलो. घरीच झालं. ऱ्हायलं न्हाई ते."

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"लई बोटं मोडली म्या बाईंच्या नावानं. लई म्हंजी लई. बाई हायेत का अजून?"

"नाहीत. पुण्याकडेच वारल्या, असं कळलं होतं."

ती जमिनीकडे बघत बसली. मला वाटलं आता ती मला बोलेल, आणि बोलावं असं मला वाटत होतं. ती उठली, आत जाऊन चहाची कपबशी घेऊन आली, माझ्यासमोर ठेवली. मग ओट्याच्या टोकाला जाऊन शेजारच्या घरांकडे तोंड करून तिने एकीला हाक मारली, मग दुसरीला. पदर सावरत दोघी तिघी म्हाताऱ्या आल्या. एक काठी टेकत आली, तिला खाली बसवायला हात द्यावा लागला.

"ह्या समद्या पडवीतल्या," ती मला म्हणाली. "आमाला दोगांना सांगून काय व्हतंय? गावानं नावं ठिवली बाईंना. ह्यांनाबी सांगा."

मी सुरुवात केली. काठीवाल्या म्हातारीने कानाला हात लावला.

"कोन हाय ह्यो? काय म्हनतोय? मोट्यानं बोल बाबा, मला ऐकू येत न्हाई."

मी चहा बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने सांगू लागलो.